रेसिंगच्या हेल्मेटवर काय रंगवावं, आणि का

प्रश्न पलूस तालुक्यातल्या एका २० वर्षांच्या रायडरचा आहे. तीन वर्षं तो मातीच्या ट्रॅकवर पळतोय, यंदा पहिल्यांदाच चेन्नईच्या डांबरी ट्रॅकवर उतरणार आहे. नवं पांढरं हेल्मेट घेतलंय. त्यावर त्याला इटलीच्या व्हॅलेंटिनो रोसी या मोटारसायकल रेसरसारखा सूर्य-चंद्र हवाय, मागे राजमुद्रा, दोन्ही गालांवर ज्वाळा, हनुवटीवर गावाचं नाव आणि जमलं तर वडिलांच्या शर्यतीच्या खिलार बैलाचं चित्र. विचारतो, ‘‘काका, एवढं सगळं बसेल का? रंगवल्यानं हेल्मेट खराब होतं म्हणतात, ते खरं का? आणि मोठ्या रेसरांच्या हेल्मेटवर जे असतं त्याला काही अर्थ असतो, की नुसता शो?’’

मिरजेत मी २६ वर्षं रंगकाम करतोय. सुरुवात ट्रकच्या मागच्या फळ्यांपासून झाली, मग बुलेटच्या टाक्या आल्या, आणि गेली १५ वर्षं हातात जास्त करून हेल्मेटंच असतात. म्हणून सावकाश सांगतो.

मधला प्रश्न आधी घेऊ. तिथं उत्तर चुकलं तर बाकीचं बोलण्यात काही राम नाही.

हेल्मेटचं वरचं कवच दोन जातींचं असतं. एक जात साच्यात दाबून काढलेल्या प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसची. दुकानातली स्वस्त आणि मधल्या किमतीची बहुतेक हेल्मेटं याच जातीची. दुसरी जात फायबरची: काचेच्या किंवा कार्बनच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून थरावर थर दिलेलं. बाहेरून दोन्ही सारखीच चकचकतात, पण रंगाऱ्यासाठी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्लॅस्टिकवर थिनर पडला की तो अंगात शिरतो. त्या दिवशी काही दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी उन्हाच्या तिरिपेत धरलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा दिसायला लागतात. कवचानं मार खाऊन जोर आजूबाजूला पसरवायचा असतो. असं आतून पोखरलेलं कवच ते काम करायच्या आधीच तडकतं.

हे माझ्या हातून झालेलं आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कॉलेजच्या मुलाचं हेल्मेट मी टाकीसारखंच रंगवलं, भरपूर थिनर घालून. काम सुंदर झालं होतं. चार महिन्यांनी तो काच बदलायला आला तेव्हा कानशिलाजवळ मला ते जाळं दिसलं. त्याला माझ्या खिशातून नवं हेल्मेट घेऊन दिलं आणि जुनं त्याच्यासमोर हातोड्यानं फोडलं, कारण दिसायला ते अजून चांगलं होतं आणि कुणीतरी ते घातलं असतं. तेव्हापासून दुकानाचा नियम आहे: प्लॅस्टिकच्या कवचाला रंग फवारायची गन लावायची नाही. पेट्रोलनं पुसायचंही नाही. रेडियमचा गोंदसुद्धा काही प्लॅस्टिकांना बाधतो, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच स्टिकर. १ जून २०२१ पासून आपल्याकडे दुचाकीचं हेल्मेट आयएसआय शिक्क्याशिवाय विकता येत नाही. हा शिक्का आयएस ४१५१ या मानकाचा. पण त्या हेल्मेटवर रंग चालतो की नाही हे शिक्का सांगत नाही, ते पुस्तिकाच सांगते.

तू आतल्या लेबलाचा फोटो पाठवलास, त्यावर फायबर लिहिलंय. म्हणजे पुस्तिकेत मनाई नसेल तर तुझं हेल्मेट रंगवता येईल. पुढचं बोलू.

अर्थ असतो का, शो असतो का, याचं उत्तर कळायला थोडं मागं जावं लागेल. मोटारसायकलवाल्यांचं पहिलं खरं हेल्मेट कशाचं होतं सांगू? कॅनव्हास आणि लाख. इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. डोक्याला मार लागलेले रायडर बघून बघून त्यांनी ते बनवून घेतलं, आणि १९१४ साली आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत ते सक्तीचं झालं. ही लाख म्हणजे मिरजेत सतारीच्या भोपळ्याला पॉलिशसाठी लागते तीच. मी ज्यांच्याकडे हात बसवला ते सतारमेकर गल्लीतले कारागीर. हेल्मेट पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘हा भोपळाच आहे, फक्त आवाज बाहेर यायच्या ऐवजी आत जाऊ द्यायचा नाही.’’ पुढं १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो छापला. हेल्मेट घातलं की माणूस वाचतो, हे त्यातून डॉक्टरी पुराव्यानिशी पुढं आलं.

पण तोवर हेल्मेट म्हणजे डोक्यावरची वाटी. डोळ्यांना गॉगल, खाली नाक-तोंड उघडं. रायडर कोण ते तोंडावरून कळायचं. १९६० च्या दशकाच्या शेवटी अख्खा चेहरा झाकणारं हेल्मेट आलं आणि सगळं बदललं. काचेमागे चेहरा गेला. आता प्रेक्षकांनी, आईबापांनी, पिटमध्ये उभ्या मेकॅनिकनं माणूस ओळखायचा कशावरून? गाडी कंपनीची, तिचा रंग कंपनीचा. सूटवर पैसे देणाऱ्यांची नावं. माणसाचं स्वतःचं असं उरलं ते डोक्यावरचं. म्हणून हेल्मेट हा रेसरचा चेहरा झाला. अर्थ असतो तो एवढ्यासाठी.

आता हे चेहरे कसे वाचायचे ते बघ.

जॉई डनलॉप. टीटीत २६ विजय. हेल्मेट पिवळं, मधून काळा पट्टा. संपलं. भिंती, खांब आणि झाडांच्या सावल्यांमधून गाडी येते त्या रस्त्यावर ते पिवळं आधी दिसायचं, माणूस नंतर. मला विचारशील तर आजवरचं सगळ्यात चांगलं हेल्मेट हेच. त्यात काही काढलेलंच नाही, आणि तरी ते दुसऱ्या कुणाचं वाटत नाही.

बॅरी शीननं १९७६ आणि १९७७ अशी दोन वर्षं ५०० सीसीची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. त्याच्या काळ्या हेल्मेटच्या पुढं डोनाल्ड डक होता. सगळे रेसर वाघ-सिंह होऊ बघत होते तेव्हा त्यानं बदक लावलं. हाडं मोडून मोडून परत गाडीवर बसणारा माणूस होता तो, त्याला भीती दाखवायला चित्राची गरज नव्हती. जियाकोमो अगोस्टिनी १५ वेळा वर्ल्ड चॅम्पियन, त्याच्या हेल्मेटवर इटलीच्या झेंड्याचे तीन रंग. मार्क मार्केझची मुंगी तू पाहिली असशील. तो स्पेनमधल्या सर्व्हेरा गावचा, अंगानं लहान, म्हणून त्याला मुंगी म्हणायचे. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं ओढते. चिडवायला ठेवलेलं नाव त्यानं स्वतःच उचलून डोक्यावर घेतलं.

मोटारींच्या शर्यतीतलं एक उदाहरण तुला मुद्दाम सांगतो, कारण त्यात बाप-लेक आहेत. ग्रॅहॅम हिल हा १९६२ आणि १९६८ चा फॉर्म्युला वनचा चॅम्पियन. त्याचं हेल्मेट गडद निळं आणि त्यावर उभे पांढरे पट्टे. ते पट्टे म्हणजे वल्ह्यांची पाती. गाडी हातात यायच्या आधी तो लंडन रोइंग क्लबमध्ये होडी वल्हवायचा, तिथले ते रंग. पुढं मुलगा डेमन तेच हेल्मेट घालून १९९६ मध्ये चॅम्पियन झाला. होडीचं मोटारीच्या शर्यतीशी काय नातं? काहीच नाही. पण त्या माणसाशी आहे.

आणि रोसी. तुला त्याचा सूर्य-चंद्र आवडतो. ते काम आल्डो द्रुदी या इटालियन डिझायनरचं. सूर्य आणि चंद्र म्हणजे एकाच माणसाच्या दोन बाजू, हसणारी आणि गंभीर. त्याच्या गाडीवरचा ४६ हा नंबरही त्याचा स्वतःचा नव्हता. वडील ग्राझियानो १९७९ मध्ये ग्रां प्री जिंकले तेव्हा त्यांच्या गाडीवर ४६ होता. म्हणजे तू जे उचलायला निघालायस ते त्यानं बापाकडून आणि स्वतःच्या स्वभावातून घेतलेलं आहे. तू ते घेतलंस तर तुझ्या डोक्यावर दुसऱ्याचा बाप बसेल. हे कडक वाटेल, पण मला हे मनापासून वाटतं. सांगली जिल्ह्यात मी आजवर कितीतरी ४६ रंगवलेत. एकाही पोराला लोकांनी त्यावरून ओळखलं नाही, सगळ्यांना रोसीच आठवला.

रोसीकडून शिकण्यासारखं दुसरंच आहे. २००८ मध्ये इटलीतल्या मुजेलोच्या शर्यतीत त्यानं हेल्मेटच्या वरच्या भागावर स्वतःचाच चेहरा रंगवून घेतला. डोळे फाटलेले, तोंड वासलेलं. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी सान दोनातो नावाचं वळण आहे, तिथं जीव खाऊन ब्रेक मारताना काचेमागे तोंड कसं होतं, ते त्यानं उघड करून दाखवलं. शर्यतही जिंकली. आता गंमत चित्रात नाही, जागेत आहे. चेहरा समोर हनुवटीवर नव्हता, गालावर नव्हता. तो माथ्यावर होता. का? कारण सरळ रस्त्यावर रायडर टाकीवर पोट टेकवून वाकलेला असतो. समोरून कॅमेऱ्याला त्याचं कपाळ आणि माथाच दिसतो.

हे एकदा नीट कळलं की अर्धं डिझाइन झालं. दुकानात हेल्मेट टेबलावर ठेवून आपण त्याचा गाल बघतो आणि गालावरच सगळी कलाकारी करतो. ट्रॅकवर गाल दिसतो तो वळणात, क्षणभर. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलींच्या सगळ्यात वरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची शर्यत झाली, तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. लांब सरळ रस्त्यावर गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या वर जात होत्या. नंबर वाचता येत नव्हते, नावं तर नाहीच. माथ्यावरच्या रंगाचा एक डाग, कपाळावरची एक रेघ, एवढंच हाती लागायचं, आणि तेवढ्यावर शेजारचा माणूस बरोबर नाव सांगायचा.

म्हणून चित्र ठरवायच्या आधी एक काम कर. हेल्मेट घालून गाडीवर बस, टाकीवर पूर्ण वाक, आणि मित्राला समोर शंभर पावलांवर उभं करून मोबाइलवर फोटो काढायला सांग. झूम करू देऊ नकोस. त्या फोटोत तुझं हेल्मेट नखाएवढं दिसेल. जे काढायचं ते त्या नखावर कळलं पाहिजे.

आता तुझी यादी या फोटोवर ठेवून बघू. ज्वाळा: शंभर पावलांवरून त्या मातीच्या डागासारख्या दिसतात, आणि त्या प्रत्येक दुसऱ्या टाकीवर आहेत. सोडून दे. हनुवटीवर गावाचं नाव: वाकल्यावर हनुवटी टाकीच्या मागं जाते. नाव मागं मानेच्या वर, एका ओळीत, लहान अक्षरात घे. ते लोकांसाठी नाही, तुझ्यासाठी. त्याच्या शेजारी रक्तगट मात्र ठळक.

राजमुद्रेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मी ती हेल्मेटवर काढत नाही, महाराजांचं चित्रही नाही. तू पडशील. सगळे पडतात. पडल्यावर हेल्मेट डांबरावर घासत जातं, खडीत लोळतं, पिटमध्ये कुणाच्या तरी पायाशी पडून राहतं. ज्याच्यापुढं आपण पायातलं काढून उभं राहतो ते तिथं नको. पण मुद्रेतले शब्द आठव: ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः’. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी. शिक्का बाजूला ठेव, त्यातली कोर घे. ती कुठं घ्यायची ते आता सांगतो.

तुझी यादी वाचताना मी शेवटच्या गोष्टीवर थांबलो होतो. वडिलांचा बैल. तू ती ‘जमलं तर’ म्हणून टाकलीस, माझ्या दृष्टीनं ती पहिली आहे. तू लहानपणापासून मैदानांना गेलेला. धुरळा उडालेला असतो, झेंडापंच निशाण टाकतो, गाडे सुटतात, आणि अर्ध्या किलोमीटरवरून म्हातारी माणसं सांगतात कुणाची जोडी पुढं आहे. कशावरून सांगतात? पळण्याच्या ढबीवरून आणि शिंगांवरून. खिलार समोरून येतो तेव्हा मान खाली असते, तोंड दिसत नाही. दिसतं ते कपाळ आणि त्यावरून मागं वळलेली दोन शिंगं. टाकीवर वाकलेला रायडर नेमका तसाच दिसतो! मी हे तुझा निरोप वाचल्यावर कागदावर काढून बघितलं आणि मलाच अंगावर काटा आला.

तर माझी सूचना अशी. पूर्ण बैल काढायचा नाही. बैलाचं चित्र शंभर पावलांवरून कुत्र्यासारखं दिसेल, आणि तो अपमान आहे. फक्त शिंगं. काचेच्या वर, दोन्ही भुवयांच्या जागेपासून ती निघतील आणि खिलाराची वळतात तशी माथ्यावरून मागं धनुष्यासारखी वळत जातील. बुंध्याशी काळी, मधून लाल, टोकाला पितळी शेंब्यांचा सोनेरी. लाल म्हणजे फेरारीचा लाल नको, बेंदराला लावतो तो हिंगुळाचा लाल, थोडा नारिंगीकडे झुकणारा. कपाळाच्या मध्यावर, दोन बुंध्यांच्या मधे, हळदीचा एक बोटभर पट्टा. सांगलीचं माणूस आहेस, हळद कुठल्या रंगाची असते ते तुला मी सांगायला नको. पण दुकानात तयार मिळणारा लिंबासारखा पिवळा घेऊ देणार नाही. हळकुंड घेऊन ये, ते दगडावर उगाळून त्याच्याशी रंग जुळवू.

आणि पाठ? दोन शिंगं मागं जाऊन टोकं एकमेकांकडे येतात. वरून बघितलं तर ती चंद्रकोरच आहे. तुला मुद्रा हवी होती, चंद्र हवा होता, बैल हवा होता. एका आकारात तिन्ही बसतात.

उरलेलं सगळं पांढरं राहू दे. खिलार पांढराच असतो, आणि हेल्मेट तू पांढरंच घेतलंयस. सगळा माथा नव्यानं रंगवायचा नसल्यानं रंग कमी, वजन कमी, घासाघीस कमी. काम घेताना आणि देताना मी हेल्मेट काट्यावर ठेवतो. ५० ग्रॅमच्या वर वाढलं तर मला ते काम जड वाटतं. ब्रेक मारताना ते वजन तुझ्या मानेला ओढावं लागतं, माझ्या नाही.

रंग किती, याचा माझा हिशेब सोपा आहे: एक उजळ, एक गडद, एक बोलका. तुझ्यात पांढरा, काळा आणि हिंगूळ. हळद आणि सोनेरी हे चिमूटभर. लाल आणि गडद निळा शेजारी शेजारी कधी घेऊ नये, जवळून डोळ्यात घुसतात आणि लांबून दोन्ही मिळून काळे होतात. बारीक चौकटी वेगात राखाडी होतात. धावण्याच्या दिशेनं गेलेली रेघ टिकते, आडवी तुटते. शिंगं तर पुढून मागंच जातात.

स्पॉन्सर मिळाला तर त्याचं नाव गालावर जाईल, तिथं मी मोकळी जागा ठेवतोय. माथा विकू नकोस. पुढं मोठा झालास आणि कुणी माथ्यासाठी पैसे देऊ केले, तरी निदान कपाळाचा तो हळदीचा पट्टा तुझा राहू दे.

कामाबद्दल थोडं. काच, हवेच्या खिडक्या, रबरी कडा, आतलं अस्तर हे सगळं उतरवायचं. थर्माकोल मात्र आतून काढायचा नाही, तो टेपनं आणि प्लॅस्टिकनं गच्च झाकायचा, कारण त्यावर थिनरचा थेंब पडला तर तिथं खड्डा पडतो, आणि डोकं वाचवणारा तोच आहे. कवच जोर पसरवतं, थर्माकोल चिरडून तो पिऊन टाकतो. मग ८०० च्या वॉटर पेपरनं पाणी लावून घासायचं. बेंदराला शिंगं साळतात तसंच: चमक मारायची, अंग खायचं नाही. कंपनीच्या क्लिअर कोटच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, खाली फायबरला पेपर लागला तर ते काम मी थांबवतो. लांबी (पुट्टी) भरायची नाही, भोक पाडायचं नाही, स्क्रू मारायचा नाही.

सगळ्यात वेळखाऊ भाग म्हणजे आखणी. कागदावरची सरळ रेघ घुमटावर सरळ राहत नाही, सरळ लावलेली टेप वाकडी जाते. सतारीच्या भोपळ्यावर नक्षी बसवताना माझे गुरू संत्र्याच्या फोडींसारखे कागद कापून चिकटवायचे आणि मगच रेघ मारायचे. मी अजून तसंच करतो. दोन्ही शिंगं एकसारखी यायला पाहिजेत, आणि हेल्मेट दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखं नसतं, म्हणून मोजपट्टीपेक्षा आरशावर जास्त भरवसा ठेवतो. आरशात उलटं बघितलं की तिरकेपणा लगेच टोचतो. आखणीला दोन दिवस जातात, रंगाला एक सकाळ.

वर टू-के क्लिअरचे, म्हणजे दोन भाग मिसळून होणाऱ्या पारदर्शक लेपाचे, दोन पातळ हात. हे रसायन फुप्फुसाला वाईट, त्यामुळे साधा रुमाल बांधून घरी गन मारायचा विचार डोक्यातून काढून टाक. वाळवायला मोटारीच्या बूथसारखी गरम भट्टी वापरायची नाही, थर्माकोल उष्णतेनं बसतो. साध्या हवेत आठवडा ठेवायचं. आणि पावसाळ्यात मी क्लिअर मारत नाही. कृष्णाकाठच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो दुधाळतो, मग कितीही पॉलिश करा, आत धुकं राहतंच. तुझी शर्यत ऑगस्टात असेल तर हेल्मेट मला मेमध्ये लागेल. दाखवायला येशील तेव्हा आतलं लेबल आणि पट्ट्यावरचं मानकाचं चिन्ह जसंच्या तसं असलं पाहिजे. शर्यतीआधी तपासणीत ते बघतात, त्यावर रंगाचा थेंबही चालत नाही.

एक शेवटची गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाकडून कबूल करून घेतो.

२३ ऑक्टोबर २०११ ला मलेशियातल्या सेपांगच्या ट्रॅकवर मोटोजीपीचा इटालियन रेसर मार्को सिमोन्सेली गेला. त्या अपघातात त्याचं हेल्मेट डोक्यावरून निघून गेलं होतं. त्यानंतर किती रेसरांनी त्याचा ५८ हा नंबर आपल्या हेल्मेटवर लावला! इटलीतल्या मिसानोच्या ट्रॅकला त्याचं नाव दिलं, तो नंबर मोटोजीपीत कायमचा बाजूला ठेवला. ते बघितल्यावर मला हेल्मेट रंगवताना नेहमी दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे माणूस गेल्यावरही त्याची खूण डोक्यावर वागवणारे मित्र. दुसरं म्हणजे हेल्मेटचं खरं काम.

रंगवलेल्या हेल्मेटवर जीव जडतो, म्हणून धोका वाढतो. मागच्या वर्षी कोल्हापूरकडचा एक रायडर आला. पडला होता, हेल्मेट उजव्या बाजूला घासलेलं. म्हणाला, तेवढा भाग परत रंगवून द्या, डिझाइन लकी आहे. आतून बोट फिरवलं तर थर्माकोल एका जागी बसलेला. तो एकदा दबला की परत फुगत नाही. वरून मी असा रंग दिला असता की त्याच्या आईलाही कळलं नसतं. मी नाही म्हणालो. तो रागावून गेला, आठ दिवसांनी नवं हेल्मेट घेऊन आला, आणि तेच डिझाइन मी अर्ध्या पैशात करून दिलं. जुनं त्याच्या घरात कपाटावर आहे.

तर तुझ्या आखणीचे कागदी साचे मी जपून ठेवीन. पडलास तर नवं हेल्मेट घे आणि ये, शिंगं तशीच्या तशी परत उतरतील. तोवर हा रविवार मोकळा ठेव, बैलाजवळ जा आणि त्याच्या शिंगांचे तीन फोटो काढून पाठव: समोरून मान खाली असताना, बाजूनं, आणि गोठ्याच्या माळ्यावर चढून वरून. प्रत्येक बैलाच्या शिंगाचा बाक वेगळा असतो. मला तुमच्या बैलाचा पाहिजे.